अक्कांच्या वजनाची हवा

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील समस्त आप्तेष्टांस, सोयऱ्यांस आणि विशेषतः लग्नाचं जेवण जेवून परतणाऱ्या पाहुण्यांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या साडूंच्या मोटारसायकलवर मागे बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपले खरे वजन जाहीर करावे. खोटे सांगणाऱ्यास मागचा शॉकअप उघडे पाडील. हे मी विनोदाने सांगत नाही. सबंध मराठवाड्यात आमच्या साडूंइतका काळजीखोर माणूस नाही, आणि आपली काळजी पंपाने भरणारा तर जगातच दुसरा नसावा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं अडत दुकान. सोयाबीनचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, नुसता बघून त्याचं वजन सांगतात. पण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही म्हणून कट्टा काट्यावर टाकतात, आणि काट्यावरही विश्वास नाही म्हणून तो काटा शेजारच्या दुकानातल्या काट्याशी ताडून बघतात. घराला कुलूप लावून लातूरला निघाले तर लोह्याला पोचेपर्यंत त्यांना कुलपाची शंका येते आणि अहमदपूरला गॅसची. अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर हैदराबादेहून एक जुनी, म्हशीच्या अंगाची, लांब पल्ल्याची मोटारसायकल विकत आणली. तिच्या मागच्या, धक्के झेलणाऱ्या शॉकअपमध्ये हवा भरायची सोय होती. मागे जड माणूस बसला तर हवा वाढवायची, हलका बसला तर कमी करायची, म्हणजे गाडी खड्ड्यात बसत नाही आणि वळणावर डुलत नाही. दुसऱ्या कुणी ही सोय वर्षातून एकदा वापरली असती. साडूंना मात्र त्यात आयुष्यभर पुरेल एवढी काळजी सापडली.

त्यांचा विधी असा. गाडी सकाळी, थंड असताना, सपाट फरशीवर सरळ उभी करायची. लातूरला आमच्या दारात असले की हँडल मी धरायचं. मग पाहुण्याला मागे बसवून साडू चाकाशी उकिडवे बसत आणि गवंडी ओळंबा बघतो तसा एक डोळा मिटून गाडीचं बूड किती दबलं ते बघत. जास्त दबलं तर दाबाचा काटा असलेल्या छोट्या हातपंपानं हवा भरत, कमी दबलं तर व्हॉल्व्ह दाबून सोडत. ‘फुस्’ असा आवाज होई. मग पुन्हा बघणं, पुन्हा फुस्. मी एकदा कंटाळून म्हणालो, "साडू, पेट्रोलपंपावर टाका की हवा, एका मिनिटात काम होईल." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तान्ह्या पोराला शेतीच्या पाइपानं पाणी पाजायला सांगितलंय. "शॉकअपला हवा लागती चिमूटभर, साडूभाऊ. पेट्रोलपंपाच्या हवेनं सील फाटून जाईल! मागं तुमची अक्का बसलेली असती."

अक्कांचं हे असं मागे बसणं सुखासुखी ठरलेलं नव्हतं. गाडी नुकतीच आणली असताना साडूंनी भर पेट्रोलपंपावर, मागे रांग लागलेली असताना, खणखणीत आवाजात विचारलं होतं, "अगं, तुझं आत्ताचं वजन किती हाय? रात्रीच्या पुरणपोळ्या धरून सांग!" अक्का उतरल्या, पदर खोचला, चालत स्टँडवर गेल्या आणि लातूरच्या एसटीत बसल्या. एसटीच्या मागे मागे रिकाम्या सीटची ती अवाढव्य गाडी, आणि तिच्यावर रडवेले साडू, अशी ती मिरवणूक आमच्या दारात पोचली. उंबऱ्यातच अक्कांनी निकाल दिला, "माझ्या वजनाचा शब्द पुन्हा चारचौघांत काढलात तर त्या धुडावर पाय ठेवणार न्हाई."

तेव्हापासून साडूंनी तो शब्द गिळला. मोंढ्यात गाडीच्या मागच्या सीटवर कट्टे बांधून बांधून त्यांनी शोधून काढलं होतं की, एक कट्टा आणि वर दोन पायल्या म्हणजे बरोब्बर अक्का. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं. अक्का बसल्या की साडू खाली वाकून मुकाट्यानं बघत, समाधानानं मान हलवत आणि निघत.

मागच्या पावसाळ्यात त्यांची मान हलेना. अक्का बसल्या तरी बूड पुरेसं दबत नव्हतं. फुस्. गणपतीत आले तेव्हा पुन्हा फुस्. "पंपाचा काटा खोटा दाखवून राहिला," साडू म्हणाले आणि त्यांनी नवा पंप आणला. दसऱ्याला आणखी हवा सोडावी लागली, म्हणून तिसरा पंप आणला. मग स्प्रिंग कडक झाली असं ठरवून नांदेडच्या मेकॅनिककडे गाडी खोलली. त्यानं सगळं तपासून पुन्हा बसवलं आणि काही बिघडलं नसल्याचं सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. अक्काही हसल्या. हसताना त्यांना धाप लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ऊन लई हाय बाई."

दिवाळी झाली आणि एका सकाळी साडू एकटेच दारात आले. मागच्या सीटवर सोयाबीनचा एक कट्टा आणि त्यावर दोन पायल्यांचं छोटं गाठोडं, दोन्ही दोरीनं करकचून बांधलेलं.

"अक्का कुठायत?" मी विचारलं.

"घरी हाय. हे तिच्या गेल्या वर्षीच्या मापाचं आणलं." ते हसले नाहीत. "हँडल धरा."

मी धरलं. पंपाचा आकडा त्यांनी गेल्या वर्षीच्या जागी आणला, खाली वाकले, एक डोळा मिटला. गाडी अगदी गेल्या वर्षीसारखी, हवी तेवढी दबली होती. साडू तसेच उकिडवे बसून राहिले.

"काटा खरा हाय, साडूभाऊ," ते हळूच म्हणाले. "तिन्ही पंप खरे हायेत. तीच कमी होऊन राहिली. अन् मला तर बोलायची बंदी हाय."

मग माझ्या बायकोनं बहिणीला फोन केला. लातूरला साडी घ्यायच्या निमित्तानं बोलावलं आणि साडीच्या दुकानाऐवजी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून घटतंय?" अक्का म्हणाल्या, "मला तर कायच जाणवलं न्हाई." साडूंनी मात्र घाईघाईनं सांगायला सुरुवात केली, "पोळ्याला एवढी हवा सोडली, गणपतीला एवढी, दसऱ्याला..." डॉक्टर म्हणाले, "कशाची हवा?" साडूंनी अक्कांकडे पाहिलं आणि खिशातला पंप आणखी आत ढकलला.

रिपोर्टची वाट बघण्याचे ते दिवस मला पुन्हा नको आहेत. नको नको ते रोग आमच्या सगळ्यांच्या मनात होते आणि कुणाच्याच तोंडात नव्हते. साडू दवाखान्याबाहेर गाडीपाशी बसून हवा भरत होते आणि सोडत होते. वॉचमन म्हणाला, "काका, सकाळधरनं हवाच भरून राहिलात, जायचं कुठं?"

"कुठंच न्हाई," साडू म्हणाले. "रिपोर्ट यायचाय."

रिपोर्ट आला. गळ्यातली एक ग्रंथी जरुरीपेक्षा जास्त काम करत होती. गोळ्यांनी ताब्यात येईल, वेळ लागेल. डॉक्टर हे सांगत असताना साडूंचा हात खिशातल्या पंपावर इतका घट्ट आवळलेला होता की, नंतर बोटांवर वळ उमटलेले दिसले.

हा उन्हाळा लागला तेव्हा लातुरात आमच्या पुतणीचा साखरपुडा होता. निघताना सगळं गोत मंगल कार्यालयाच्या दारात जमलेलं. गर्दी बघून साडूंचा चेहरा उतरला होता. कितीतरी महिन्यांनी अक्का गाडीवर येत होत्या, आणि फुस् आवाज पुन्हा ऐकायची हिंमत त्यांच्यात नव्हती. मी हँडल धरलं. अक्का बसल्या. साडू वाकले, एक डोळा मिटला, मग दोन्ही उघडले. पंप लावला. एकदा दाबला, पुन्हा दाबला, आणि दाबतच राहिले.  अक्का नंतर एसटीनं गेल्या नाहीत, उलट पदरात तोंड लपवून गाडीवरच बसून राहिल्या, हे मी आधीच सांगून ठेवतो. कारण एवढ्या व्याह्यांसमोर, भटजींसमोर, वाजंत्र्यांसमोर तो माणूस उठून उभा राहिला आणि डोळे पुसत ओरडला,

"जड झाली हो! माझी बायको लई जड झाली!"