दोन्ही चाके धरल्यावर

२ जानेवारी २०२५ रोजी गुरुवार होता. कोणत्याही दिनदर्शिकेत हे पडताळता येते. त्या थंड सकाळी बोरी अरबच्या अय्यूब मिस्त्रींना गिअरबॉक्सकडे नुसते बघायचाही कंटाळा आला होता. उभा जन्म गाड्यांखाली पाठ घासून कंबर कामातून गेलेली. खेमसिंगच्या जीपचा गिअरबॉक्स त्यांनी मागच्याच आठवड्यात उतरवून, दुरुस्त करून, नवे ऑइल भरून चढवला होता आणि घरी बायकोला, गौहरबींना, सांगून टाकले होते, की हा शेवटचा.

आता तीच जीप ब्रेकच्या कामासाठी परत आली होती. मागची चाके जमिनीपासून उचललेली, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. आणि तरी चाके सावकाश फिरत होती. खेमसिंग तांड्यावरून सवाऱ्या नेणारा माणूस. त्याच्या नजरेतून हे सुटले नाही. गिअर आतून अडकला आहे, बॉक्स पुन्हा खोला, असे त्याने फर्मावले.

मिस्त्रींनी समजावून पाहिले. क्लच दाबलेला नसला की न्यूट्रलमध्येही इंजिन बॉक्समधला अर्धा पसारा फिरवतच असते. थंडीने घट्ट झालेले ऑइल चाकांकडे जाणाऱ्या सुट्या शाफ्टलाही थोडे ओढते, आणि चाकांवर ओझे नसले की तेवढी ओढ पुरते. बोलता बोलता त्यांनी डावे चाक चपलेने दाबून थांबवले. उजवे एकदम जोरात फिरू लागले.

"पाहा चाचा, एक धरलं तं दुसरं पळून राह्यलं. अन् म्हणता काही नाही झालं."

एका चाकाची अडवलेली गती दुसऱ्याकडे जाते, हे सांगण्याइतका दम मिस्त्रींत उरला नव्हता. "तू तिकडचं धर," ते म्हणाले. "गिअर अडकला असन तं तुह्या पायानं थांबनार नाही. इंजिन बंद पडन, नाही तं तूच पडशीन."

खेमसिंगने भीतभीत पाय टेकवला. दोन्ही चाके थांबली. इंजिनचा आवाज जराही बदलला नाही. खेमसिंगने पाय काढून घेत मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्रींचा एक हात कमरेवर होता.

"राहू द्या मंग," खेमसिंग म्हणाला. "ब्रेकचं तेवढं पाहा."

जीप अजूनही दारव्ह्याच्या रस्त्यावर धावते. तिचा बॉक्स पुन्हा कुठे उघडल्याचे कोणी सांगत नाही. मात्र खेमसिंगला ते खरेच पटले होते, की त्याला त्या कमरेची दया आली होती, हे अद्याप अज्ञात आहे. मिस्त्रींनी त्याला कधी विचारले नाही.