अण्णांची न उघडलेली गिटार

अस्सल वस्तू दाखवली की ज्याचा चेहरा पडतो आणि नक्कल दाखवली की जो खुलतो, असा माणूस साऱ्या बंगळुरात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. घराणं मूळचं निपाणीकडचं, पण दोन पिढ्या बनशंकरीत मुरलेलं. तिथंच त्यांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक, शेजारी, रिक्षावाले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मी पुण्याहून नोकरीसाठी येऊन व्हाइटफील्डला बिऱ्हाड केलं तेव्हा बायकोनं एकच ताकीद दिली होती, की अण्णांकडे गिटारचा विषय काढायचा नाही. मी काढला नाही. मी चपला काढायच्या आत त्यांनीच काढला.

विषय असा, की पन्नासएक वर्षांपूर्वी जपानातल्या काही कारखान्यांनी अमेरिकेतल्या नामांकित बेस गिटारींच्या हुबेहूब नकला बनवल्या. बेस म्हणजे ती चार जाड तारांची, गाण्याच्या तळाशी घुमत राहणारी गिटार, जी बंद पडल्याशिवाय ती वाजत होती हे कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच कारखान्यातला माल देशोदेशी जाई आणि तिथला दुकानदार आपल्या नावाची पट्टी तिच्या डोक्यावर चिकटवून मोकळा होई. त्यामुळे डोक्यावरचं नाव वाचून काही कळत नाही. "लग्नातल्या भांड्यावर नाव कुणाचं असतंय वो, पाव्हणं?" अण्णांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. "देणाऱ्याचं. घडवणाऱ्याचं कुठं असतंय?" तो घडवणारा हुडकून काढायचं काम अण्णांनी गेली तीस वर्षं अंगावर घेतलेलं आहे, आणि ते त्यांना कुणीही सांगितलेलं नाही.

हुडकायची त्यांची रीत बघण्यासारखी असते. दुकानातलं भिंग डोळ्यात अडकवून ते आधी गिटार पालथी घालतात. मग कडेनं लाकडाचे थर मोजतात. मग नाक टेकवून रोगणाचा वास घेतात, आणि त्या वेळी खोलीत कुणी उदबत्ती लावलेली त्यांना खपत नाही. तारा ज्यावरून जातात त्या लांब दांड्याला ते मान म्हणतात. ती मान मागच्या बाजूनं चार स्क्रूंनी अंगाला बसवलेली असते. ते चार स्क्रू काढून मान उचलली की खालच्या खाचेत कधी शिक्का असतो, कधी आकडे, कधी नुसतीच धूळ. एकदा एका खाचेत पेन्सिलीनं काढलेलं एक जपानी अक्षर निघालं. अण्णांनी जपानी शिकणारी एक मुलगी गाठली, तिला दुकानात बसवून कॉफी पाजली आणि अर्थ विचारला. ती म्हणाली, याचा अर्थ "ठीक" असा होतो. आठवडाभर अण्णा हवेत होते. येईल त्याला सांगत होते, "बघा की, पन्नास वर्षामागं तिकडं कोण एक गडी काम बघून ठीक हाय म्हणून लिहून गेलाय. त्याला काय ठाऊक, बनशंकरीत कोणतरी वाचणार हाय म्हणून." मग त्यांनी जाड वही काढली. त्या वहीत प्रत्येक गिटारीला एक पान आहे, आणि पानाच्या तळाशी एक ओळ असते: कुणाचं काम. त्या दिवशी तिथं कारखान्याच्या नावापुढं त्यांनी ते अक्षर जसंच्या तसं, सावकाश, शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून गिरवलं.

दुसरी रीत हनुवटीची. बेस गिटार यंत्राला जोडली नाही तर तिचा आवाज जेमतेम खाजवल्यासारखा येतो. अण्णा तिच्या अंगाच्या शिंगासारख्या वरच्या टोकावर जबडा टेकवतात आणि तार छेडतात. मग म्हणे आवाज हाडांतून थेट कानात येतो आणि लाकूड खोटं बोलू शकत नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा होता. मध्यंतर झालं तसे अण्णा मंचावर चढले, कोपऱ्यात उभी केलेली बेस त्यांनी उचलली आणि डोळे मिटून तिला गाल लावून उभे राहिले. वाजवणारा मुलगा चहाचा कप हातात तसाच धरून बघत राहिला. सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ते तुमच्याकडचे आहेत ना?" मी हो म्हणालो. असं हो म्हणायला लागण्याचे प्रसंग माझ्यावर पुष्कळ आले आहेत, पण खरं सांगतो, त्या माणसाची लाज मला एकदाही वाटली नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी अमेरिकेहून खरीखुरी, त्या मूळ कंपनीची बेस आणली आणि ती अण्णांना दाखवावी म्हणून मला गळ घातली. अण्णा अख्ख्या शहराची रहदारी तुडवत बनशंकरीहून व्हाइटफील्डला आले. बंगळुरात यापेक्षा मोठं प्रेम कुणी कुणाला दाखवू शकत नाही. गिटार बघून म्हणाले, "छान हाय." नातेवाइकांच्या पोराचे गुण ऐकून आपण म्हणतो तसं. साहेबांना राहवेना. त्यांनी विचारलं, आणखी काही सांगा ना. अण्णा म्हणाले, "अस्सल हाय की सर. त्यात ओळखायचं काय?" याउलट यशवंतपूरच्या बाजारात एका चिंचेच्या गोदामाच्या खिडकीला टेकू म्हणून लावलेली गिटारीची मान त्यांनी चालत्या रिक्षातून ओळखली होती. व्यापाऱ्याला "स्वल्प तोरिसि", म्हणजे जरा दाखवा, असं म्हणून ते आत शिरले ते दोन तासांनी बाहेर आले. मानेच्या बदल्यात त्यांनी त्याला नवीन चष्मा करून दिला आणि खिडकीला स्वतः लाकडी टेकू घडवून दिला. तो व्यापारी अजून दिवाळीला चिंच पाठवतो.

अशा एकतीस गिटारी घरात आहेत. पाहुण्यांची म्हणून जी कॉट आहे तिच्यावर गिटारी झोपतात आणि पाहुणे खाली. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, हसून सांगते, "माझ्या सवती एकतीस, आणि सगळ्या जपानच्या." पण पावसाळी हवेत त्यांच्या पेट्यांतून ओल टिपायला ठेवलेल्या कोरड्या कापडाच्या पुरचुंड्या तीच बदलते, हेही मी बघितलं आहे.

या एकतिसांत एकच कॉटवर नव्हती. काळी, टवके उडालेली, हॉलमध्ये देवघराच्या शेजारी खिळ्याला टांगलेली. वहीत तिचं पान होतं, पण "कुणाचं काम" ही ओळ कोरी होती. जगातल्या गिटारींच्या माना सोडवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या पहिल्या गिटारीची मान कधी सोडवली नव्हती. फोनवरच्या त्यांच्या गटात शिलाँगपासून जपानपर्यंतची मंडळी आहेत, ती यावरून त्यांची चेष्टा करत. मी विचारलं तर म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे, पाव्हणं." वर्षातून एकदा, वाढदिवसाला, ते ती उतरवत, हनुवटी टेकून चार सूर वाजवत आणि परत टांगत.

आता माझा शहाणपणा सांगतो. तीन वर्षं दर रविवारी अण्णांच्या हाताखाली बसून मला वाटायला लागलं होतं, की आपणही जाणकार झालो. त्यांची साठी आली. काय द्यावं? मी ठरवलं, या काळ्या गिटारीचा घडवणारा आपण हुडकायचा, सुंदर अक्षरात लिहून चौकट करायची आणि सगळ्यांसमोर द्यायची. वाढदिवसाच्या सकाळी अण्णा, अक्का आणि माझी बायको बनशंकरीच्या देवळात गेले. जेवणवाल्याकडे बघायला कुणीतरी पाहिजे म्हणून मी मागं थांबलो. ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे होताच मी गिटार उतरवली. तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले, मान उचलली. खाचेत शिक्का इतका स्वच्छ होता की मला हसू फुटलं. आकडे उतरवून घेतले. खाचेतली भुकटी आणि पुठ्ठ्याचा एक कपटा होता तो झाडून सुपलीत भरला आणि स्वयंपाकघरातल्या केराच्या डब्यात टाकला. वाकून बघून मी स्वतःला शाबासकी दिली, की खाचेत कणभरही धूळ राहिलेली नाही. मग सगळं होतं तसं बसवून टाकलं, आणि आकड्यांवरून निघालेलं कारखान्याचं नाव आकड्यांसकट सुंदर अक्षरात लिहून आणून ठेवलेल्या चौकटीत घातलं.

दुपारी पाहुणे जमले. औक्षण झालं. अण्णांनी नवा शर्ट घातला होता आणि त्याची घडी अजून मोडलेली नव्हती. त्यांनी काळी गिटार उतरवली, खुर्चीत बसले, हनुवटी टेकली आणि पहिली तार छेडली. दुसरा सूर आलाच नाही. त्यांनी मान आडवी धरून डोळ्यासमोर आणली, बंदुकीचा नेम धरतात तशी, आणि बराच वेळ बघितलं. "तारा वर आल्यात," ते म्हणाले. मग मागं वळवून स्क्रूंवरून अंगठा फिरवला. "मान कुणी काढली वो?"

मी पुढं झालो आणि चौकट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आत काय होतं?" मी म्हणालो, शिक्का. "आणि?" मी म्हणालो, काही नाही, थोडी धूळ, एक पुठ्ठ्याचा कपटा. अण्णांनी डोळे मिटले. रागावले असते तर बरं झालं असतं.

अक्कानं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "ह्यांच्या थोरल्या भावानं, दादांनी घेऊन दिलेली हाय ती," ती म्हणाली. "पहिल्या पगारात. यशवंतपूरला एका कारखान्यात फिटर होते. हे तेव्हा कॉलेजात, ह्यांची बोटं सोलायची, तारा उंच म्हणून. तर दादांनी एक दिवस वर्कशॉपात न्हेली आणि काय केलं देव जाणे, संध्याकाळी तारा खाली. म्हणाले, आता न्हाई दुखणार. पुढच्या वर्षी कावीळ झाली आणि गेले. त्यांनी आवळलेले स्क्रू कुणी सोडायचे न्हाईत, एवढंच ह्यांचं हुतं बघा." ती हे शांतपणे सांगत होती. मला मात्र केराचा डबा दिसत होता, आणि त्यावर पन्नास माणसांच्या स्वयंपाकाच्या कांद्याच्या साली.

मी नव्या झब्ब्यासकट जमिनीवर बसलो आणि डबा उपडा केला. कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, साली. जेवणवाला बाजूला उभा राहून "एन सार, काय पाहिजे?" म्हणत राहिला. बायको येऊन बघून गेली आणि परत येऊन तीही शेजारी बसली. कपटा तिलाच सापडला, चहाच्या चोथ्यात. नखाएवढा, दोनदा घडी घातलेला. तो मानेच्या टोकाखाली ठेवला की मान किंचित मागं झुकते आणि तारा खाली येतात, हे मला तीन वर्षांत अण्णांनीच शिकवलं होतं. दुसऱ्याच्या गिटारीत असता तर मी तो चिमट्यानं उचलला असता.

मी तो तळहातावर घेऊन बाहेर आलो. अण्णांनी भिंग मागवलं. अण्णांनी कपटा रुमालावर ठेवून टिपला, कड बघितली. "पट्टी लावून ब्लेडनं कापलाय," ते म्हणाले. "एका फटक्यात. फिटरचा हात हाय." मग अगदी सावकाश घडी उलगडली. आतल्या बाजूला रंगाची एक पट्टी आणि अर्धवट अक्षरं होती. ते वाकले, आणखी वाकले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते.

"सिगारेटचं पाकीट हाय," ते म्हणाले. "आईच्या पायावर हात ठेवून सांगितलं हुतं वो ह्यानं, सोडली म्हणून. आई मरेपर्यंत कौतुक सांगायची, माझ्या थोरल्यानं एका शब्दावर सिगारेट सोडली. आणि हे बघा. लबाड." ते भिंग डोळ्यात तसंच ठेवून हसत राहिले आणि भिंगाच्या खालून पाणी गालावर येत राहिलं. ते त्यांनी पुसलं नाही. "कुठं लपवलंय बघा की," ते म्हणाले. "मी सारखा गालाशी धरायचो, आणि मलाच पत्ता न्हाई."

जेवणं थांबली होती, ती आणखी थांबली. अण्णांनी तारा सैल केल्या, स्क्रू काढून मान उचलली, खाचेतला शिक्का निरखला, कपट्याची घडी होती तशी घातली, तो खाचेत ठेवला आणि मला म्हणाले, "मान सरळ धरा, पाव्हणं." मी धरली. माझे हात कांद्यानं माखलेले होते. "स्वल्प डावीकडं. सरी, बरोबर." चारही स्क्रू त्यांनी आवळले, शेवटचा अर्धा फेरा श्वास धरून. मग तारा परत सुरात आणल्या, हनुवटी टेकली आणि वाजवलं. चारच सूर. मग गिटार माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ऐका." मी जबडा टेकवला, त्यांनी तार छेडली, आणि दाढांपासून कानापर्यंत काहीतरी घुमत गेलं. लाकूड खोटं बोलतं की नाही ते मला अजून सांगता येणार नाही, पण बाजूला व्हावंसं वाटेना. चौकटीतला माझा एक आकडा चुकला होता, सहाचा आठ झाला होता, तेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं.

मागच्या महिन्यात दुकानात त्यांची वाट बघत बसलो असताना वही चाळली. काळ्या गिटारीच्या पानावर कारखान्याचा शिक्का आता नीट उतरवलेला आहे, आठाचा सहा करून. तळाशी "कुणाचं काम" या ओळीपुढं जागा बरीच होती, पण त्यांनी एकच शब्द लिहिला आहे, सावकाश, गिरवून: दादाचं.