दिगूदादाने शोधलेली सभा

दिगूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा बोथ गावातल्या आमच्या किराणा दुकानाचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. पलीकडून वहिनी म्हणाल्या, "मंदाबाई, तुमचे दादा गेले. झोपेतच गेले." आणि मी काही विचारायच्या आतच, "शुद्धीत गेले हो..." झोपेत गेलेला माणूस शुद्धीत कसा, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. मला नाही वाटलं. शेवटची सहा वर्षं दादाने दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता, आणि वहिनींना तेवढंच सांगायचं होतं.

माझा हा थोरला भाऊ तामसीला भाजीपाला पिकवायचा. हात असा, की मुरमात वांगं लावलं तरी धरायचं. पण पिऊ लागला आणि सगळंच सुटत गेलं. माझ्या मुलीच्या लग्नाचं आवतन मी वहिनींना दिलं आणि वर सांगितलं, दादाला आणू नका. वहिनीही आल्या नाहीत. पुढे काही महिन्यांनी त्याच आपल्या लेकीला घेऊन इंद्रवेल्लीला माहेरी निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी दादा दुकानाच्या पायरीशी येऊन उभा. आत ये म्हटलं तरी येईना.

"मंदे, आदिलाबादले दारू सोडणाऱ्यांची सभा भरते म्हणते. दवाखान्यातल्या नर्सबाईनं पत्ता लिहून देला. मायाच्यानं एकट्यानं जाणं होत नाई. येशीन का?"

मी शटर ओढलं आणि निघाले.

नवीन राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि आता जिल्ह्याचेही तुकडे पडले होते. कोणतं दफ्तर कुठे गेलं, तिथल्या लोकांनाच सांगता येत नव्हतं. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर पोचलो तर खोलीत छतापर्यंत कागदांची गाठोडी, आणि एक शिपाई त्यांवर तेलुगूत नवी नावं चिकटवतोय. "वो मीटिंग? कब की उठ गई यहाँ से," तो म्हणाला. कुठे गेली, त्याला माहीत नव्हतं. दादा तिथेच ओट्यावर बसला. "जाऊ दे मंदे. मायासाठी नसनच ते." बसस्टँडच्या वाटेवर दारूचं दुकान होतं. आज हा परत गेला तर पुन्हा कधी येणार नाही, हे मला कळत होतं. मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि दिसेल त्याला विचारत सुटले. एका गल्लीत शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "कोणती सभा?" मी तोंड उघडायच्या आत दादा खाली मान घालून म्हणाला, "भजनाची." शिंप्याने दादाच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. कात्री ठेवली, दुकान बंद केलं. "भजन नाई तिथं. पण चला, मी बी तिथंच जाऊन राह्यलो."

शाळेमागच्या खोलीत दहाबारा माणसं होती. मी दाराबाहेर व्हरांड्यात बसले. आत सगळं तेलुगूतून चाललेलं, आणि दादाला तेलुगू यायचं ते भाजीचा भाव सांगण्यापुरतं. त्याची पाळी आली. "मी दिगंबर. मी पेतो." आणि थोड्या वेळाने, "बहिणीनं भाचीच्या लग्नाले बलावलं नाई. तिचं काई चुकलं नाई." पुढे तो रडायला लागला. तेव्हा एक म्हातारे तेलुगू मास्तर मायेने म्हणाले, "चालु, चालु." म्हणजे पुरे, आजच्यासाठी एवढं पुरे. दादाला वाटलं, ते चालू ठेवायला सांगताहेत. मग तो अर्धा तास बोलला. कुणी अडवलं नाही. बाहेर मी पदर तोंडात कोंबून बसले होते. पुढे अर्थ कळल्यावर दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. "मास्तर पुरे म्हणून राह्यले, अन् मी आपला सुरूच!" मला मात्र वाटतं, त्या दिवशी त्याला तेलुगू कळलं असतं तर तो खाली बसला असता, आणि पुन्हा त्या खोलीत गेला नसता.

लगेच काही सुटली नाही. दोनदा घसरला, दोनदा शिंप्यानेच येऊन परत सभेला नेलं. वर्ष उलटल्यावर वहिनी परतल्या. मग मराठी माणसांसाठी म्हणून दादाने तामसीला स्वतःच्या शेडमध्ये रविवारची सभा सुरू केली.

परवा, दादा गेल्यावर महिन्याभराने, मी त्या सभेला गेले. वहिनींनी चटया अंथरल्या होत्या आणि मधोमध मेथीचा ढीग. दादाची ही सवय मला ठाऊकच नव्हती. येईल त्याच्यापुढे तो भाजी टाकायचा, जुड्या बांधायला लावायचा. पन्नाशीचा एक अनोळखी गृहस्थ दाराशी घुटमळत होता, हात पाठीमागे लपवून. वहिनी म्हणाल्या, "या ना भाऊ. बोलाचं मंग. आंदी जुडी बांधा."

तो बसला. पहिली जुडी सुटली. कुणी पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना आपापल्या मेथीत होत्या. त्याने दुसरी घेतली...