सुधीरसाठी शांतता

आमच्या घराण्यात आजवर कुणी इंजिनियर झालेलं नव्हतं, पण इंजिनियर कसा घडवायचा हे मला पक्कं माहीत होतं.

मी मुलींच्या शाळेत शिकवते आणि शाळेचं वेळापत्रकही मीच लावते. एका वर्गावर दोन बाई आणि शेजारच्या वर्गावर एकही नाही, असा प्रकार माझ्या हातून कधी झालेला नाही. तेव्हा एकुलत्या एका मुलाचा अभ्यास मार्गी लावणं म्हणजे माझ्या दृष्टीने फार तर एका रविवारचं काम होतं.

सुधीर मुळात कमी बोलणारा. लहानपणापासून त्याने हे हवं, ते हवं असं कधी म्हटलं नाही. कपडे मी आणायचे, ते तो घालायचा. त्यामुळे अकरावीच्या निकालानंतर एका दुपारी भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "आई, मला ती इंजिनियरिंगची मोठी परीक्षा द्यायची आहे. सगळ्या देशातली मुलं देतात ती," तेव्हा माझा हात परातीतच थांबला. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. ते मिळवून देणं भाग होतं. परीक्षा त्याची होती हे मला मान्य आहे, पण त्या दुपारी ते काही माझ्या लक्षात आलं नाही.

वेळापत्रक चार रंगांत तयार झालं. गणित लाल, पदार्थविज्ञान निळं, रसायन हिरवं आणि झोप काळी. (काळ्या रंगाला जागा फार थोडी लागली.) पहाटे चारला उठणं, भिजवलेले बदाम, डोक्यावर ब्राह्मीचं तेल. शिवाय सूत्रं डोळ्यांसमोर सतत असावीत म्हणून ती मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घरभर डकवली. चुलीच्या मागे उष्णतेची, पाण्याच्या पिंपावर तरंगण्याची, न्हाणीघराच्या दारावर घर्षणाची. सुधीरला ती किती पाठ झाली कोण जाणे, पण आमच्या ह्यांना झाली. हे पोस्टात नोकरीला. त्यांना इंजिनियर व्हायचं नव्हतं, तरी आंघोळ करताना मंत्र म्हटल्यासारखं घर्षणाचं सूत्र म्हणू लागले.

एवढं सगळं झालं तरी एक अडचण उरली होती. आमचं घर साखर पेठेत, आणि भिंतीला भिंत लागून राजय्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे घराच्या मागच्या अंगाला चार यंत्रमाग, त्यांवर चादरी विणणारे राजय्या, आणि कोपऱ्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत बसणाऱ्या त्यांच्या पत्नी नरसक्का. माग सकाळी सुरू व्हायचे ते रात्री जेवणं होईपर्यंत. खटाखट, खटाखट. आमच्या मांडणीवरची भांडी त्या तालावर वर्षानुवर्षं सरकत कडेपर्यंत यायची आणि मी ती मागे ढकलायची. आम्हाला सवय होती, पण सवय वेगळी आणि अभ्यास वेगळा. अभ्यासाला शांतता लागते, हे मी शाळेच्या भिंतीवर स्वतः रंगवून घेतलेलं वाक्य आहे.

मी नरसक्कांकडे गेले आणि विषय काढला. संध्याकाळी दोन तास माग बंद ठेवता येतील का, असं चाचरत विचारलं. त्यांच्या पोटाचा प्रश्न, मला संकोच वाटत होता. त्या दोघांनी तेलुगूत आपसात काहीतरी बोलून घेतलं आणि राजय्या म्हणाले, पोरगं आमचंपण आहे, त्याच्यासाठी एवढं करू की.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला माग थांबले. सुधीर पुस्तक उघडून बसला. मी दाराशी उभी राहून ती शांतता डोळे मिटून ऐकली. आणि पाचच मिनिटांत गल्लीत चपला वाजू लागल्या.

आमच्या भागात ऐन कामाच्या वेळी माग अचानक बंद पडले तर लोक एकच अर्थ काढतात: त्या घरात कुणीतरी गेलं. डोक्यावर टोप्या चढवून, चेहरे पाडून माणसं राजय्यांच्या दाराशी जमू लागली. राजय्या ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यामुळे लोक त्यांच्याजवळ बसून, पाठीवर हात ठेवून हळूच विचारायचे, "वहिनींना एकाएकी काय झालं?" तेवढ्यात वहिनी बशी न्यायला बाहेर यायच्या. मग आलेला माणूस आणखी गोंधळायचा. एका गृहस्थांनी तर बांबूची चौकशी लावून ठेवली होती. खरं कारण कळल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं, आणि आता आलोच आहोत तर म्हणून ते तिथेच गप्पा मारत बसले. सुधीरला अभ्यासाला शांतता मिळावी, या विषयावर आमच्या खिडकीखाली नऊ वाजेपर्यंत जोरजोरात चर्चा झाली.

तिसऱ्या दिवशी मीच हात जोडून माग सुरू करायला सांगितलं.

सोलापुरात शांतता नाही हे सिद्ध झालं होतं. मग ती बाहेर शोधायला हवी. वळसंगला माझ्या धाकट्या भावाचं शेत आहे. शेतात खोली, खोलीपुढे कडुनिंब, आणि हाकेच्या अंतरावर माणूस नाही. मी सुधीरला पुस्तकं, बदाम आणि वेळापत्रकाची दुसरी प्रत देऊन तिकडे धाडलं. महिनाभरात मुलगा सगळा अभ्यास संपवून येईल, असा माझा हिशेब होता.

आठवड्यानेच भाऊ सुधीरला घेऊन दारात हजर. सोबत ज्वारीचं पोतं. पोतं उतरवून त्याने आधी पाणी मागितलं, मग सुधीर आत गेल्याचं बघून खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, पोरगं लई गुणाचं हाय. पर ते झोपतंय."

"झोपतंय म्हणजे?"

"म्हंजी झोपतंय की. सकाळी उठतंय, न्याहारी करतंय, पुन्ना झोपतंय. दुपारी जेवाय उठवलं की जेवतंय, पुन्ना झोपतंय. आमी दोनदा नाकाफुडं बोटं धरून बघितली." आणि जाता जाता म्हणाला, "हितं त्येला झोपू देत न्हाईस का काय?"

मी त्याकडे लक्ष दिलं नाही. शेतकऱ्याला अभ्यासातलं काय कळणार. मी निष्कर्ष काढला की वळसंगची हवा जड आहे, आणि बदाम वाढवले.

उरला शेवटचा उपाय. परीक्षा पुण्याच्या केंद्रावर होती. तिथे गेल्यावर मुलगा बावरू नये म्हणून मी परीक्षेची रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. एका रविवारी शाळेतला एक वर्ग उघडून घेतला. मधोमध एक बाक. समोर पर्यवेक्षक म्हणून मी. आवाज होऊ नये म्हणून मी चपला बाहेर काढल्या, घड्याळ पदरात गुंडाळलं आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून दोन्ही मनगटांना रुमाल बांधले. (शाळेचा शिपाई आत डोकावला, माझे हात बघितले आणि मलम आणू का असं खुणेने विचारून गेला.) इतकी शांतता मी उभ्या नोकरीत कुठल्याही वर्गात पाहिलेली नाही.

सुधीरने पहिला प्रश्न सोडवला, दुसरा अर्धा सोडवला आणि मग तो नुसता बसून राहिला. लेखणी कागदावर टेकवून. मी त्याच्याकडे बघत होते, तो कागदाकडे बघत होता. वेळ संपली तेव्हा कागद जवळजवळ कोराच होता.

घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो म्हणाला, "आई, मला जमणार नाही बहुतेक. राहू दे."

मी बरंच काही बोलले. धीर दिला, उदाहरणं दिली, सुधारित वेळापत्रक सुचवलं. पण रात्रभर ते 'राहू दे' माझ्या कानात होतं. मागितलेली एकच गोष्ट पोरगं परत देऊ करत होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसू का विचारलं. मी लगेच हो म्हटलं. आणि काय नवल! तो परत यायचा तेव्हा चेहरा मोकळा असायचा, भूक लागलेली असायची. जेवताना एकदा तर हसला. मी मनातल्या मनात वाचनालयाला शंभर नमस्कार केले. एका संध्याकाळी बदाम घ्यायचे विसरून गेला म्हणून वाटी घेऊन मी वाचनालयात पोचले, तर तिथल्या गृहस्थांनी सांगितलं की या नावाचा मुलगा इकडे फिरकलेलाच नाही.

मी तशीच माघारी निघाले. वाटेत मनात काय काय आलं ते लिहीत नाही. घराशी आले तर राजय्यांच्या कारखान्याचं दार उघडं, आणि आत, चार माग धडधडत असताना, सुताच्या गाठोड्यावर माझा मुलगा पाय दुमडून बसलेला!

मी दारातच उभं राहून सुरुवात केली. माझा आवाज मैदानावरच्या प्रार्थनेला पुरतो, पण त्या खडखडाटात तो माझा मलाच ऐकू येईना. सुधीरची पाठ माझ्याकडे, राजय्या धाग्यात गुंतलेले. नरसक्कांना फक्त माझं तोंड हलताना दिसलं. त्यांनी हसून मान हलवली आणि 'या, बसा' असा हात केला. मी आणखी चढ्या आवाजात सगळं काढलं. पहाटे चार, बदाम, वळसंग, रुमाल, चादरीच विणायच्या होत्या तर आधी सांगायचं होतं. आणि माझं भाषण शिगेला पोचलेलं असताना वीज गेली. चारही माग एकदम थांबले. त्या निःशब्द गल्लीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझं शेवटचं वाक्य खणखणीत ऐकू आलं:

"तुझ्या वडिलांच्या बनियनवरसुद्धा सूत्रं लिहायची माझी तयारी होती!"

पलीकडच्या ओट्यावर कुणीतरी खोकलं. सुधीर दचकून वळला. तेव्हा मला त्याच्या मांडीवरची वही दिसली. पानंच्या पानं गणितं सोडवलेली होती, एका ओळीत, खाडाखोड नाही.

"इथं?" मी म्हटलं. "या गोंगाटात?"

"रागावू नकोस आई. घरात शांत असलं की मला तू ऐकू येतेस."

"मी तर पाऊलसुद्धा न वाजवता चालते रे."

"तेच ऐकू येतं." तो खाली बघून बोलत होता. "डब्याचं झाकण लावताना तू श्वास धरतेस. मग मीपण धरतो. तू कधी सोडतेस याची वाट बघतो. त्यात गणित राहतं."

"आणि वर्गात?"

"वर्गात तर तू समोरच होतीस."

राजय्यांनी मागाच्या मोटारीची उगाचच पाहणी सुरू केली. नरसक्का उठून माझ्याजवळ आल्या, माझ्या हातातली वाटी घेतली, आणि त्यातले दोन बदाम सुधीरला दिले, दोन मला.

"आई," तो म्हणाला, "पुण्याला बाबांबरोबर जाऊ?"

पुण्याची रजा मी केव्हाच मंजूर करून घेतली होती. केंद्राबाहेर कुठल्या झाडाखाली बसायचं, कितव्या तासाला लिंबूपाणी द्यायचं, सगळं ठरलेलं होतं. पण मुलाने आयुष्यात दुसऱ्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी म्हटलं, जा.

त्या दिवसापासून वेळापत्रक भिंतीवरून उतरलं. सुधीर सहापर्यंत झोपायला लागला, संध्याकाळी गाठोड्यावर बसायला लागला. परीक्षेच्या आदल्या दिवशी बापलेक गाडीत बसले. ह्यांनी काय तयारी घेतली होती? एक वर्तमानपत्र. मी फलाटावर उभी राहून सूचना द्यायला तोंड उघडलं, सुधीरने माझ्याकडे पाहिलं, आणि मी फक्त "पोचल्यावर जेवा" एवढंच म्हटलं. गाडी हलल्यावर त्याने खिडकीतून हात बाहेर काढून बराच वेळ हलवला. एरवी तो हात आत ठेवणारा मुलगा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी घरात कुणी नव्हतं. मी भांडी घासली, पुन्हा घासली. इतकी शांतता, की मला खरोखरच माझा श्वास ऐकू येऊ लागला. तो ऐकत दहा मिनिटं बसणंसुद्धा कठीण आहे. पोराने वर्षभर ऐकला. शेवटी उठले आणि राजय्यांच्या कारखान्यात जाऊन सुधीरच्या गाठोड्यावर बसले. चार माग चालू होते. नरसक्का कांड्या भरत होत्या. मी त्यांना सांगायला लागले. आत्ता पेपर हातात पडला असेल. आता तो पहिला प्रश्न वाचत असेल. त्याने सोपे आधी घ्यायला हवेत. पेनात शाई भरली असेल ना? हे आठवण करणार नाहीत. आता रसायनाचा भाग आला असेल.

तासाभराने नरसक्कांनी हातातली कांडी खाली ठेवली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मायेने म्हणाल्या, "बाई, जरा गप बसा की. माग ऐकू येईना."

सुधीरला जागा मिळाली. आता तो वसतिगृहात राहतो आणि सुट्टीत घरी आला की पहिल्या दिवशी भिंतीपलीकडचा आवाज ऐकत दुपारपर्यंत झोपतो. मी उठवत नाही. पेठेतल्या आया अजून मला गाठून विचारतात, "बाई, त्याच्या यशात तुमचा वाटा किती हो?" मी खरं ते सांगते: सोलापूर ते पुणे जेवढं अंतर आहे, तेवढा.