बियाण्याच्या शेंगा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर शेंगा फोडल्या. उन्हाळी भुईमुगाचं बियाणं करायचं होतं. मशीनवर शेंग फोडली की दाण्याचं साल निघतं आणि तो दाणा उगवत न्हाई, म्हणून बियाणं आमच्यात हातानंच फोडायचं. ओट्यावर पोतं सोडलं, मधी पाटी ठेवली. ती खांबाला टेकून बसली, मी तिच्या शेजारी. अर्धं पोतं झालं आणि तिचा मोबाईल वाजला. तिच्या गटाचा फोन. ती उठून आत गेली आणि आतूनच म्हणाली, ऱ्हायलेल्या उद्या फोडू.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच न्हाई. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

तिचं काम काय होतं ते आधी सांगतो. मी सातवी नापास. ती अंगणवाडीत होती, पुढं वयाच्या मानानं उशिरानं मुक्त विद्यापीठातून शिकली आणि तालुक्याच्या कुटुंब सल्ला केंद्रात लागली. नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक, ज्यांचं घरात पटत न्हाई त्यांना एकत्र बसवून बोलतं करायचं. समुपदेशक म्हणतात. मी भांडणं मिटवणारी म्हणायचो. कुणाचं भांडण, काय भांडण, हे तिनं मला कधी सांगितलं न्हाई. ते सांगायचं नसतं म्हणे.

असलंच काम करणारी जिल्हाभरातली माणसं दर महिन्याला नगरला जमायची, तोच तिचा गट. एस्टीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडात नगरच. तिथं त्यांचं प्रशिक्षण असायचं. कधी पुण्याच्या कुणी बाई शिकवायला यायच्या, कधी आपापसातच शिकायचे. त्या दिवशी ती लवकर उठायची, इस्त्रीची साडी नेसायची. कोल्हारच्या स्टँडवर मीच तिला गाडीवरून सोडायचो. बस आली की मागं न बघता चढायची. संध्याकाळी उतरायची ती हसतच. घरी आल्यावर मी काय केलं, काय खाल्लं विचारायची, पण ते हसू मला विचारताना आलेलं नसायचं, ते तिकडूनच आलेलं असायचं. मला ते लई लागायचं. आमच्या संसारात कुणी दुसरा माणूस आडवा आला असता तर त्याला दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. हे गटाचं कुणाला शिव्या देणार?

एकदा विचारलं, म्हातारपणी तिथं काय शिकता? ती म्हणाली, "तुमच्यासारख्याशी कसं बोलायचं ते." मी समजलो, चेष्टा.

तेरावा झाल्यावर गटाचे सर घरी आले. श्रीरामपूरचे, टक्कल पडलेले, माझ्यापेक्षा बरेच लहान. ते गटाचं सगळं बघतात. म्हणाले, येत्या बैठकीत ताईंची आठवण करणार आहोत, बाबा तुम्ही याच. जायचं नव्हतं. पण तिच्यामागं तिथली जागा एकदा बघावी असं वाटलं, म्हणून गेलो.

सावेडीकडं एका कॉलेजात वरच्या मजल्यावर हॉल होता. खुर्च्या गोल मांडलेल्या. टेबलावर तिचा फोटो, हार घातलेला. फोटोत ती तोंड उघडून हसत होती, दाढेची चांदी दिसेपर्यंत. हा फोटो आमच्या घरात न्हाई. आमच्या घरातल्या सगळ्या फोटोत ती ओठ मिटून उभी आहे.

मग एकेक जण उठून बोलला. ताई गाणं म्हणायच्या. ताईंनी मला रडू दिलं. ताई नकला लई भारी करायच्या. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, ही कोण बाई? मला तर कधी भेटली न्हाई. रडली ती माणसं, खरंच रडली. मला त्याचाही राग आला. तेराव्यापर्यंत माझ्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं आणि ही लोकं माझ्यासमोर माझ्या बायकोसाठी रडत होती.

सर म्हणाले, आज आपण ताईंची पद्धत शिकू. त्यांच्यात असं करतात की एकानं नवरा व्हायचं, एकीनं बायको, एकानं सल्ला देणारा, आणि बाकीच्यांनी बघायचं. नवरा व्हायचं काम कायम ताईंचंच असायचं. आज संगमनेरची एक तरणी पोरगी नवरा झाली. पोरगी खुर्चीत पाय फाकून बसली, गुडघ्यावर रुमाल टाकला, करंगळीनं कान खाजवला आणि आढ्याकडं बघत म्हणाली, "मला काय इचारता? तिला इचारा."

सगळे हसले. मग एकदम सगळ्यांना मी आठवलो आणि माना माझ्याकडं वळल्या. माझा रुमाल गुडघ्यावरच होता. मी तो उचलून खिशात घातला.

पोरगी बिचारी घाबरली. सर तिला म्हणाले, थांबू नको, चालू दे. त्यांनी आपली खुर्ची उचलली, पोरीसमोर न ठेवता शेजारी ठेवली, मधी एक पाटी ठेवली. पाटीत शेंगा. सर काही न बोलता शेंगा फोडायला लागले. थोड्या वेळानं पोरीनंही एक शेंग घेतली. मग दुसरी. आणि फोडता फोडता ती बोलायला लागली, मोटारीचं, पाण्याचं, मग हळूच पोराचं.

सरांनी समजावून सांगितलं. "ताई म्हणायच्या, अशा माणसाला समोर बसवून विचारलं की तो कुलूप लावतो. शेजारी बसा. हाताला काम द्या. डोळ्यात बघू नका." बऱ्याच केंद्रांत आता शेंगांची पाटी ठेवतात म्हणे.

माझ्या अंगाची आग झाली. एवढी वर्षं मी समजत होतो, ओट्यावरचं ते बसणं आमच्या दोघांचं आहे. माझं तोंड एरवी चालत न्हाई, तिथं चालायचं. माझा बाप, बापाचा मार, मेलेला बैल, काय काय मी तिथं बोललो असेन. आणि ही दर महिन्याला एस्टीत बसून ते इकडं आणून देत होती. माझ्या ताटातलं उचलून पंगतीला वाढल्यासारखं झालं. पाटीत बघितलं तर शेंगा पण आमच्याच रानातल्या. आपल्या रानातली शेंग मी कुठंही ओळखीन.

सरांनी पाटी माझ्याकडं सरकवली. म्हणाले, बाबा, तुम्हाला काही बोलावंसं वाटलं तर बोला. मी दोन्ही हात काखेत घातले.

"मला काय बोलायचं न्हाई."

कुणी आग्रह केला न्हाई. ते पण त्यांना शिकवलेलं असणार. फक्त त्या पोरीनं हळूच विचारलं, "बाबा, ताई घरी पण असंच ऐकायच्या का हो?"

मी म्हणालो, "व्हय. असंच."

खोटं बोललो. घरी ती झोपायची. मी बापाच्या मारापर्यंत आलो की तिची मान खांबाला टेकायची, तोंड थोडं उघडायचं, मुठीत फोडलेली शेंग तशीच असायची. दिवसभर लोकांची ऐकून यायची, माझ्या वेळेला घोरायची. मी तिला उठवलं न्हाई. मला बोलायचंच असायचं, आणि ती शेजारी असली की झालं. जागी झाली की म्हणायची, "मग पुढं?" आणि मी पुढचं सांगायचो, मधलं सोडून. हे तिनं त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या पोरीनं नवरा-बायकोच्या खेळात नक्की घोरून दाखवलं असतं. हॉलमध्ये बसल्या बसल्या मी परत परत ते तपासत होतो. न्हाई, एवढं तिनं ठेवलं होतं. मी पण त्यांना दिलं न्हाई.

सर मला स्टँडवर सोडायला आले. बस लागेपर्यंत थांबले. मग संकोचून म्हणाले, बाबा, ताई दरवेळी तुमच्याकडच्या शेंगा आणायच्या, पाटीत आता थोड्याच उरल्यात. पुढच्या बैठकीला कुणाबरोबर पाठवाल का?

मी म्हणालो, "संपल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोतं ओट्यावर आणलं. खांबाजवळची जागा सोडून माझ्या जागेवर बसलो. पाटीत आमच्या दोघांच्या हातचे दाणे मिसळलेले होते, तिचे कुठले, माझे कुठले, आता काय कळणार? ऱ्हायलेल्या शेंगा फोडायला लागलो. बैलाचं सांगायचं अर्धं ऱ्हायलं होतं, ते सांगितलं, मधलं न सोडता. रस्त्यानं जाणाऱ्या चुलत भावानं बघितलं आणि पुढं गेला. त्यानंच माझं रान ओलवून ठेवलं होतं, ते आता वाफशावर आलं होतं, पेरायला तयार. पोतं रिकामं झाल्यावर पाटी डोक्यावर घेतली, रानात गेलो आणि वाकून एकेक दाणा मातीत टोकायला सुरुवात केली. यातल्या शेंगा निघाल्यावर त्या गटाला द्यायच्या का न्हाई, ते तेव्हा बघू.