जूनचं बिल

आमच्या शाळेत सात पंखे आहेत आणि प्रत्येकाच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव लाल रंगात आहे. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. अर्थात दोन वर्षांपूर्वी ती अडचण नव्हती. बिल थकल्यामुळे वीज कापली होती, त्यामुळे नावं अगदी ठळक दिसत.

चारुलता भामरे तेव्हा पिंपळनेरजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आल्या. मी त्यांच्या हाताखालचा शिक्षक. अनुदान यायचं ऐन मार्चच्या तोंडावर, वर लवकर खर्चा असा दम. आधीचे साहेब रंगरंगोटी करून मोकळे व्हायचे. वीज नाही म्हणून मोटर बंद, पाणी नाही म्हणून शौचालयाला कुलूप. सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जात, त्या परत येत नसत. बाईंना त्या मुली वर्गात हव्या होत्या. अनुदानातून थकबाकी फिटली, पण पुढच्या महिन्यांचं काय?

शाळा समितीचे अध्यक्ष अभिमन नाना आठवा पंखा द्यायला निघाले होते. बाई म्हणाल्या, "नाना, पंखा नको. बिल भरा."

"पंखावर नाव दखास, बाई. बिलवरलं नाव कोन वाचस?"

माझं डोकं फिरलं, बाईंचं नाही. जिथे गाव एसटीची वाट बघत उभं असतं, त्या शाळेच्या भिंतीवर त्यांनी बारा महिन्यांचा तक्ता रंगवला. महिन्यापुढे बिल भरणाऱ्याचं नाव. नानांनी लगेच एप्रिल धरला, लग्नाचे पाहुणे वाचतील म्हणून. दिवाळीच्या महिन्यासाठी तर भाऊबंदांत जुंपली. जून मात्र कुणी घेईना. पेरणीत खिसा रिकामा, आणि भिंत वाचायला सवड कुणाला? त्या महिन्याचे पैसे बाई अनुदानातून आगाऊ भरून ठेवत.

यंदा अनुदान आलंच नाही आणि एप्रिलअखेर बाई निवृत्त झाल्या. निरोपाला गावाने वर्गणीतून भारी साडी ठरवली होती. बाईंनी हात जोडले. "साडी नको. माझा जून तेवढा भरा."

नाना उठले. गावच्या रंगाऱ्याला हाक मारून म्हणाले, "जूनपुढे मन्हं नाव नको. लिख, बठ्ठा गाव." जूनपुढे सगळ्या गावाचं नाव लागणार होतं. बाईंना रडू आवरेना, मलाही.

शाळा उघडली त्या दिवशी मोटर मीच चालू केली. मधल्या सुट्टीनंतर सातवीच्या मुली वर्गात होत्या. वर पंखे फिरत होते आणि एकावरचंही नाव वाचता येत नव्हतं.