पुठ्ठ्याचा केदारनाथ

आम्ही साताऱ्यातले फोटोग्राफर चहाला जमलो की किस्से निघतातच, एकातून दुसरा. माझे मात्र फिरून फिरून दिलीपवर येतात. जुना दोस्त आहे, पण त्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. आता विषय निघालाच आहे तर ऐका.

*

गणपतीत सांगलीच्या एका मंडळानं केदारनाथचा देखावा केला होता. पुठ्ठा, प्लायवूड आणि वर कापसाचा बर्फ. आम्ही दोघांनी एकाच दिवशी फोटो काढले. माझ्या फोटोत कळसामागं मोबाईलच्या दुकानाचा बोर्ड आला. दिलीपनं शेजारच्या चहावाल्याला पातेलं देवळामागं उकळायला लावलं आणि वाफेचं धुकं केलं. पेपरात त्याचा फोटो आला, अर्धं पान.

*

मला झोप लागेना. पुढच्या उन्हाळ्यात मी खऱ्या केदारनाथला गेलो. पाठीवर कॅमेरा घेऊन, चालत. सकाळी आभाळ असं स्वच्छ मिळालं की मीच हरखलो. आल्यावर फोटो मोठा करून त्याच मंडळाच्या अध्यक्षांना दाखवला. त्यांनी लांब धरून नीट पाहिला.

"लय भारी. कुठल्या मंडळाचा रं हा देखावा?"

*

मग दोन्ही फोटो म्हसवडच्या एका रिटायर सुभेदारांकडं नेले. त्यांची निम्मी नोकरी त्या डोंगरांत झालेली. कुठला फोटो कुणाचा, ते मी मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी दिलीपच्या फोटोवर बोट ठेवलं.

"ह्यो खरा. बघूनच थंडी वाजतीया."

*

आई फलटणजवळ गावी असते. गुडघे गेल्यामुळं तिचं केदारनाथ राहूनच गेलं. मी माझा फोटो फ्रेम करून तिच्या भिंतीवर लावला होता. परवा गेलो, तर तिथं दुसरीच फ्रेम. कापसाच्या बर्फापुढं आई बसलीय, हात जोडलेले, डोळे मिटलेले. यंदा मंडळानं तोच देखावा पुन्हा उभारला होता आणि दिलीप तिला गाडीतून घेऊन गेला होता. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

शेजारच्या काकू फोटो बघायला आल्या होत्या. आई त्यांना सांगत होती, "दिलीपनं मला केदारनाथ घडवला."

मला राहवेना. "आई, ते पुठ्ठ्याचं होतं."

"म्हाईत हाय की," आई म्हणाली. "हात लावून बघितला मी. पर दिलीपनं माझ्यासाठनं घरनं खुर्ची नेली हुती."